गच्चीवरची अँटेना अन् माझी जाऊ

मी गंगापूरकडची, माहेरी ऊस अन् कापूस, आई मला आठवतच नाय, लहानपनीच गेली. लगीन होऊन इथं चिकलठाण्याला आले तवा पहिल्यांदा मायेनं माझ्या डोक्याला कोनी तेल लावलं असंल तर ते आत्याबाईनं, म्हंजी माझ्या सासूनं. काय सांगू तुम्हाला, मालक कारखान्यात जायचे, दिवसभर आम्ही दोघीच, भाकरी थापायला दोघी, दळनाला दोघी, अन् संध्याकाळी टीव्हीपुढं बी दोघीच. म्हनून म्हनते, त्या माझ्या हाएत. दोन सुनांच्या सासू असतील, पन आधी माझ्या.

मंग धाकट्या दिराचं लगीन झालं, वरचा मजला चढवला, अन् माझी जाऊ रेखा वर राहायला लागली. तिला नावं ठेवायला जागा नाय, पन हसती लई. तिनं डिशची छत्री बसवली, भिंतीएवढा टीव्ही आनला, अन् आत्याबाई मालिका बघायला वर जायला लागल्या. आधी नुसतं मालिकेपुरतं, मंग चहा वरच, मंग जेवन बी वरच. मी खाली त्यांचं ताट वाढून बसायचे अन् वरून दोघींचा हसन्याचा आवाज यायचा. जळायचे मी, व्हय, जळायचे, खोटं कशाला बोलू. मालकाला म्हनायचे, बघा, तुमची आई पळवली तिनं. ते म्हनायचे, जिना चढून गेली, परदेशात नाय गेली.

आमच्या खालच्या टीव्हीला छत्री नव्हती, मालकाचं म्हननं एका घराला एक बास. तवा मला गच्चीवरची जुनी अँटेना आठवली, नुसता सांगाडा राहिलेला, रेखा त्याच्यावर ब्लाउज वाळत घालायची. करमाडचे सलीमभाई टीव्ही दुरुस्त करतेत, त्यांना विचारलं, भाई, आता सगळं डिजिटल झालंय म्हनतेत, ही म्हातारी अँटेना धरंल का? ते म्हनले, भाभी, अँटेना को क्या मालूम डिजिटल काय अन् जुनं काय, हवेतलं धरायचं अन् वायरीनं खाली सोडायचं, एवढंच तिचं काम, उलगडायला खाली टीव्हीला डबा लागतो, सेट टॉप बॉक्स. आखूड दांड्या पाहिजेत, त्या हिला हाएत. फकत सरकारी चॅनल दिसतील, बाकीचे नाय. म्हनलं दिसू द्या, कीर्तन असतंय, मालिका असतेत, आत्याबाईला तेवढं बास.

सलीमभाईनं डबा जोडला, नवी वायर सोडली, अन् नमाजाला जातो म्हनले, मी येईपर्यंत हात लावू नका. आम्ही लावला. मालक गच्चीवर, मी टीव्हीपुढं, अन् मधी जिन्यात कोन, तर रेखा, कोनी बोलावलं नसताना. मालक म्हनायचे आलं का, ती ओरडायची ताई आलं का, मी म्हनायचे नाय. जुनी सवय ना आमची, आधी मुंग्या दिसायच्या, मंग मुंग्यांत मानूस दिसायचा, मंग जरा फिरवलं की साफ. इथं मुंग्याच नाय, कोरा पडदा. मालक फिरवतेत, फिरवतेत, अँटेनाचं तोंड पार जालन्याकडं गेलं, अन् रेखा हसून हसून पायरीवरच बसली. माझ्या तळपायाची आग मस्तकात. मला वाटलं, हे लागू नये असंच हिला पाहिजे हाय.

सलीमभाई आले अन् कपाळाला हात लावला. म्हनले, याच्यात अर्धंमुर्धं नसतंय, आलं तर पुरं येतं नायतर काहीच नाय, अन् हलवलं की थांबायचं, डब्याला शोधू द्यायचं. त्यांनी तोंड म्हैसमाळच्या टावरकडं केलं अन् आम्ही सगळे थांबलो, रेखा बी. अन् आलं बघा! इतकं साफ की कीर्तनकाराच्या फेट्याची घडी न् घडी दिसावी.

त्या संध्याकाळी आत्याबाई खाली आल्या. मी शेंगदान्याची चटनी कुटली, गरम भाकरी दिली, जवळ बसले. जरा वेळानं म्हनल्या, काय म्हनतोय ग तो? कानानं कमी ऐकू येतंय त्यांना आता. म्हनलं, देवाचं सांगतोय. म्हनल्या, काय सांगतोय पन? म्हनलं, भक्ती करा म्हनतोय. मंग आत्याबाईनं मान वर करून हाक मारली, रेखा, ए रेखा, खाली ये ग, हिला सांगता येत नाय.

काय वाटलं असंल मला तुम्हीच सांगा.

आता रेखा रोज खाली येती. आत्याबाईच्या कानाला लागून सगळं सांगती, पडद्यावर नसलेलं बी सांगती. मालिकेतली सासू चोर हाय म्हनती, ती काय चोर नसती, मी बघत असते ना. पन आत्याबाई खूश. टीव्ही माझा, अँटेना मी उभी केलेली, भाकरी माझ्या हातची, अन् आत्याबाईचा हात तिच्या मांडीवर. अन् खरं सांगू, त्या चोर सासूचं पुढं काय झालं ते ऐकायला मी बी हातातलं काम टाकून बसते.

असू द्या. देव तिला सुखात ठेवो, लेकराबाळांनी तिचं घर भरो. पन बाई, आत्याबाईच्या डाव्या अंगाला बस. उजवीकडली जागा माझी हाय.