गोल दिव्याला जाळी

नोरीन : हात हलवू नकोस. हललीस की स्क्रू पडतो, आणि या धुळीत पडलेला स्क्रू सापडत नाही.

रूला : मी नाही हलवत. आपोआप हलतोय.

नोरीन : मग मनगट पेट्रोलच्या टाकीवर टेकव. हं. आता दिव्याची काच पूस. ओल्या फडक्याने. कोरड्याने चरे पडतात.

रूला : तिसऱ्यांदा पुसतेय. फडकं खाली ठेवेपर्यंत परत लाल. शेडचं दार लावलंय ना तुम्ही? मग ही येतेय कुठून?

नोरीन : पत्र्याच्या फटीतून. सगळीकडून. कव्हराची चिकटपट्टी लाव आता, आणि अंगठ्याने दाबून तीसपर्यंत मोज.

रूला : एक, दोन, तीन... वाजले किती?

नोरीन : तीनला दहा कमी. मोज.

रूला : दुपारचे तीन आणि बाहेर दिवेलागणीसारखं दिसतंय. साडेपाचला निघाला तो. बारा मैलांवरची बोअर, पंप बघायचा, टाकी बघायची, परत यायचं. अकराला येतो म्हणाला होता. चार तास झाले, नोरीन. पाण्याची एकच बाटली आहे त्याच्याकडे, आणि वायरलेसवर नुसती खरखर.

नोरीन : माझा मुलगा आहे तो. तास मला पण मोजता येतात.

रूला : तसं नव्हतं म्हणायचं मला.

नोरीन : माहीत आहे. पट्टी चिकटली का?

रूला : नाही. धूळ बसली तिच्यावर. कव्हर खाली घसरतंय. तीन आठवडे झाले ही कव्हरं येऊन. टपालाच्या विमानाने मागवली मी, एक माझ्या गाडीला, एक कॅलमच्या. दर रविवारी म्हणायचा, पुढच्या रविवारी बसवू. त्याचं अजून पाकिटातच आहे, हे बघा. आणि तुम्ही हसला होतात मला. मोटरसायकलला चष्मा लावतेय शहरातली पोरगी, असं म्हणाला होतात.

नोरीन : म्हणाले होते. पट्टीचा नाद सोड. चार कोपऱ्यांना भोकं पाड आणि तारेने बांध. ती पक्कड दे इकडे, मी पाडते.

रूला : पोलिसाने काय सांगितलं? तुम्ही बोलत होता तेव्हा मी पाणी भरत होते.

नोरीन : धूळ खाली बसल्याशिवाय विमान उडणार नाही. उद्या उजाडताच येतील. शेजारचे डन्स्टन गाडी काढून निघालेत, पण त्यांना रस्त्याने वळसा आहे. तीन तास धर. ट्रक घेऊन आपला गडी वॉली गावाला गेलाय, तो तिथेच अडकला. राहिलो आपण. आणि वाटेत मुल्गाच्या काटक झाडांची दाटी, तिच्यातून फक्त दुचाकी जाते.

रूला : तुम्ही सात वर्षांत गाडीवर बसला नाहीत.

नोरीन : आठ.

रूला : मग मी एकटी जाते ना. वाट सरळच आहे.

नोरीन : कुंपणापर्यंत सरळ आहे. पुढे गुरांच्या दहा वाटा फुटतात, आणि आज तर तुला स्वतःचं पुढचं चाक दिसणार नाही. मी पुढे राहीन, तू माझ्या मागे. म्हणून तर एवढा खटाटोप. वाळलेला मुल्गा लोखंडासारखा असतो, आणि फांद्या नेमक्या दिव्याच्या उंचीवर. मागच्या वेळी गुरं गोळा करताना एका दिवसात तीन दिवे फुटले. आज दिवा गेला तर मी तुला दिसणार नाही, तू मला दिसणार नाहीस. मग उद्या विमानाला एकाऐवजी तिघांना शोधावं लागेल.

रूला : असं शांतपणे कसं बोलता हो तुम्ही?

नोरीन : शांत नाहीये मी. तार ओढ. अजून. आता हलवून बघ.

रूला : घट्ट आहे.

नोरीन : झालं तुझं. आता माझी बघू. कॅलमच्या वाट्याचं ते बसणार नाही, याचा दिवा गोल आहे. माझ्या नवऱ्याची, लेसची गाडी ही, जुनी.

रूला : मग?

नोरीन : मागच्या ओसरीवर मांस ठेवायचं जाळीचं कपाट आहे ना, त्याचं दार काढून आणलंय मी. ते काय, भिंतीला. कात्रीने वीतभर कापायचं, कडा दुमडायच्या, आणि फाटक्या ट्यूबच्या रबराने दिव्यावर करकचून बांधायचं. उजेड थोडा कमी पडेल. पडू दे.

रूला : बोट कापेल तुमचं. द्या इकडे, मी कापते.

नोरीन : कात्री बोथट आहे, तुझ्या एकटीच्याने कापणार नाही.

रूला : तुमच्या एकटीच्यानेही नाही.

नोरीन : दोघी मिळून कापू मग. तू ताणून धर.

रूला : नोरीन, एक सांगायचंय. काल रात्री आमचं वाजलं.

नोरीन : ऐकलं. भिंती पातळ आहेत.

रूला : काय ऐकलंत?

नोरीन : शब्द नाही. आवाज.

रूला : मी म्हटलं, महिनाअखेर मी ॲडलेडला जातेय. आईकडे. कायमची की कशी, ते माहीत नाही, पण जातेय. वर्षभर हा माणूस माझ्याशी बोललेला नाही, नोरीन. पाऊस नाही, गुरं गेली, समजतं मला. पण जेवायला बसतो, ताटाकडे बघतो, उठतो. मी ओरडले. म्हटलं, तुझ्यापेक्षा ती पवनचक्की जास्त आवाज करते. त्यावर तो भांडला पण नाही. नुसतं म्हणाला, जा, तुझं बरोबर आहे. आणि सकाळी मी झोपेचं सोंग घेऊन पडले होते तर येऊन कपाळावर हात ठेवून गेला. असं तो कधी करत नाही.

नोरीन : जाळी सुटली तुझ्या हातून.

रूला : तुम्ही काही बोलत का नाही?

नोरीन : नवराबायकोच्या भांडणाने कोणी मरत नाही. धर नीट.

रूला : मी बंदुकीचं कपाट उघडून पाहिलं.

नोरीन : कधी?

रूला : बाराला. तुम्ही वायरलेसवर होतात तेव्हा. आहे ती. जागेवर आहे. मला स्वतःचीच लाज वाटली, पण पाहिलं.

नोरीन : मी अकरा वाजून पाच मिनिटांनी पाहिलं.

रूला : तुम्ही?

नोरीन : पाचच मिनिटं उशीर झाला होता त्याला. वायरलेस नंतर उचलला. आधी कपाट.

रूला : का?

नोरीन : रबर दे. नाही, तो लांब तुकडा. लेस पवनचक्कीवरून पडला, असं आम्ही सगळ्यांना सांगितलं.

रूला : हो. कॅलमनेही मला तेच सांगितलंय.

नोरीन : पडला नव्हता.

रूला : नोरीन...

नोरीन : असाच तिसरा कोरडा उन्हाळा होता. असाच गप्प झाला होता. मला वाटायचं, पुरुष माणूस आहे, थकलाय. पाऊस आला की बोलेल. म्हणून मी विचारलं नाही. वर्षभर मी त्याला फक्त जेवायला काय करू एवढंच विचारलं. गाठ मारते, बोट ठेव इथे.

रूला : आणि कॅलमला माहीत आहे?

नोरीन : त्यानेच तर पाहिलं त्याला. एकोणीस वर्षांचा होता. घरी आला, म्हणाला, बाबा पडले. मी म्हटलं, हो, पडले. त्यानंतर त्या गोष्टीवर आम्ही दोघं एक शब्द बोललो नाही. आठ वर्षं. बोट काढ. बसली जाळी.

रूला : म्हणून तुम्ही गाडी सोडलीत. मला वाटायचं, तुम्ही पडला होतात.

नोरीन : लोकांना तसंच सांगते. दार उघड. तोंडाला फडकं बांध आधी, ओलं करून. आणि हे बघ, भीती वाटली तर वाटू दे, पण बोलत राहा. गप्प बसू नकोस.

(दोन मोटरसायकली. वारा. दोघी आता हेल्मेटमध्ये बसवलेल्या वायरलेसवरून बोलताहेत.)

रूला : काही दिसत नाही. नोरीन, मला काहीच दिसत नाही.

नोरीन : माझा मागचा लाल दिवा दिसतो?

रूला : ठिपका दिसतो.

नोरीन : त्या ठिपक्यावर ये. दुसरीकडे बघू नकोस. कुंपणाचं फाटक उघडलंय मी, डावीकडे खांब आहे, सांभाळून.

रूला : आले. फाटकातून आले. तुमचा श्वास ऐकू येतोय मला. ठीक आहात ना?

नोरीन : गाडी ओळखतेय मला, तेवढं बरं आहे. आता झाडी लागेल. मान खाली घे. फांदी आली तर हेल्मेटवर घे, तोंडावर नको.

रूला : आई गं. दिव्यावर बसली एक. कव्हरावर खाडकन.

नोरीन : उजेड आहे?

रूला : आहे.

नोरीन : मग चल. बोल काहीतरी.

रूला : काय बोलू? माझी आजी काळोखात प्रार्थना म्हणायची, ग्रीकमध्ये. मला दोनच ओळी येतात.

नोरीन : दोन पुरेत. म्हण.

रूला : आता आठवत नाहीत. नोरीन, ठिपका गेला. नोरीन? तू कुठे आहेस? नोरीन, बोल ना.

नोरीन : इथेच. पडले नाही. मोठी फांदी होती, गाडी आडवी वळली. थांब, दिवा बघते. जाळी पार आत गेली आहे. काच शाबूत आहे. सरळ ये, मी गाडी तुझ्याकडे वळवून उभी आहे. दिसला का उजेड?

रूला : दिसला. दिसला. मला वाटलं तुम्ही पण गेलात.

नोरीन : मघाशी ‘तू’ म्हणालीस. तेच ठेव. पाणी पी घोटभर. बोअर इथून मैलभर असेल. आता सावकाश जायचं आणि दिवा दोन्ही बाजूंना फिरवत जायचं. तू उजवीकडे, मी डावीकडे.

रूला : कशासाठी दोन्ही बाजूंना? तो वाटेवरच असेल ना?

नोरीन : असेल. तरी फिरव.

रूला : मेलेली गाय आहे इथे. दुसरं काही नाही. झुडूप. झुडूप. नोरीन, टाकीपाशी आधी मी जाते. तू मागे थांब.

नोरीन : का?

रूला : तुला एकटीने बघायला लागू नये म्हणून.

नोरीन : एकटी नाहीये मी या वेळी. दोघी जाऊ.

रूला : थांब. काहीतरी चमकलं. उजवीकडे, खाली, ओहोळात. पुन्हा. आरसा आहे. गाडीचा आरसा आहे, नोरीन. गाडी पडलीय. तो नाहीये तिच्याजवळ. कॅलम... कॅलम...

कॅलम : दिवा डोळ्यांवर नको.

रूला : आहे. आहे तो. बसलाय. नोरीन, बसलाय तो. हलू नकोस, कॅलम, कुठे लागलंय? रक्त कुठून येतंय हे?

कॅलम : कपाळ फुटलंय, ते काही नाही. पाय मोडलाय बहुतेक. वायरलेस अंगाखाली चुरडला. फांदी दिव्यावर आली, काच फुटली, मग ओहोळ दिसलाच नाही. पाणी आहे?

नोरीन : हळू. एकेक घोट. रूला, मागच्या पेटीतून चादर काढ आणि त्याच्या डोक्यावरून घे. पायाला हात लावू नका कोणी. डन्स्टनना कळवते... हॅलो, नोरीन बोलतेय. सापडला. जिवंत आहे. बोअरच्या अलीकडे, ओहोळात. पाय मोडलाय. तुम्ही टाकीच्या बाजूने या, आम्ही दिवे लावून बसतो.

कॅलम : आई, तू गाडी चालवलीस?

नोरीन : कधी पडलास?

कॅलम : अकराच्या सुमारास. धूळ आली तेव्हा निघालो.

नोरीन : बोअरवर पोचलास कधी?

कॅलम : सातला.

रूला : सातला? पंपात काही बिघाड होता?

कॅलम : नाही. पंप ठीक होता.

नोरीन : मग चार तास काय करत होतास?

कॅलम : बसलो होतो. टाकीच्या सावलीत.

नोरीन : कशासाठी, कॅलम?

कॅलम : धूळ आली म्हणून उठलो. रूलाला बोललो नव्हतो काही. घरी जाऊन बोलावं म्हटलं.

नोरीन : मी ते विचारलं नाही. कशासाठी बसला होतास?

रूला : नोरीन, त्याला लागलंय. नंतर विचारू आपण.

नोरीन : नंतर नाही. रात्री झोप लागते का तुला?

कॅलम : नाही.

नोरीन : कधीपासून?

कॅलम : माहीत नाही. गेल्या उन्हाळ्यापासून. आई, ते बाबांसारखं...

नोरीन : हो. बोल. पुढे बोल. रूला, इंजिनं बंद कर दोन्ही.

रूला : बॅटरीवर किती टिकतील दिवे? डन्स्टनना दिसायला पाहिजेत आपण.

नोरीन : टिकतील तेवढे टिकतील. बंद कर. मला त्याचं ऐकू येत नाहीये.