मास्तरांची तिसरी ट्रायल

डॉक्टर : कोट आजही तयार नाही?

मास्तर : बटणं तेवढी राहिलीत, डॉक्टरबाई. उद्या या.

डॉक्टर : मागच्या आठवड्यातही उद्याच होतं.

मास्तरीणबाई : अहो, कोट कधीच झालाय. बटणं मीच लावलीत. त्या पडद्यामागे टांगलाय.

मास्तर : तू हातातलं शिव गं, तोंड नको चालवूस.

डॉक्टर : म्हणजे मलाच टाळताय. ऑपरेशनची तारीखही दोनदा टाळलीत. एकदा ताप आला, एकदा पाहुणे आले. सूज जाईना म्हणून मोठं आतडं काढलं, तेव्हा शहाण्यासारखे आलात. लहान आतड्याची घडी घालून आत नवी पिशवी शिवली, तेव्हाही आलात. आता तिसरं सगळ्यात छोटं. मल बाहेर यायला पोटावर केलेलं तोंड बंद करायचं, बाहेरची पिशवी काढून टाकायची.

मास्तर : तीन-तीन फेऱ्या! आणि नाव बदनाम आम्हा शिंप्यांचं.

(मशीनचा खडखडाट.)

डॉक्टर : मी बोलतेय आणि तुम्ही शिवताय?

मास्तरीणबाई : शिवतायत कसले! मशीनमध्ये दोराच नाही. पोटावरचं ते गुरगुरलं की हे पायडल मारत सुटतात. त्याचं नाव ठेवलंय, गिऱ्हाईक. वेळकाळ न बघता कुरकुरतं म्हणून.

डॉक्टर : मग घालवू या की त्याला.

मास्तर : राहू दे हो. गुणाचं आहे.

मास्तरीणबाई : खरं सांगा त्यांना. नाटकाचं सांगा.

मास्तर : काय सांगायचं? आजारपणात छातीचं माप घेता घेता टेप गिऱ्हाइकाच्या गळ्यात टाकून संडासला पळत होतो. नाटकाला गेलो तर कडेची खुर्ची, आणि शेवट हिच्याकडून ऐकायचा. पोटावर पिशवी आली आणि पहिल्यांदा अख्खं नाटक बघितलं. शेवटी नवरा परत येतो, डॉक्टरबाई! ही मला इतकी वर्षं सांगत होती, तो मेला म्हणून.

मास्तरीणबाई : मला तोच शेवट बरा वाटायचा.

मास्तर : ऐकलंत? थट्टा जाऊ द्या. मला भीती वाटते. ती पळापळ पुन्हा नको.

डॉक्टर : खोटं बोलणार नाही. सुरुवातीला त्रास होईल. पुढेही दिवसातून पाच-सहा वेळा जावं लागेल, कधी रात्रीही उठाल. पण बहुतेक वेळा ‘जरा थांब’ म्हटलं की थांबेल. आणि नकोच असेल, तर ही बाहेरची पिशवी कायम ठेवा. माझी ना नाही. फक्त तसं तोंडावर सांगा, ताप आणू नका.

मास्तर : हं.

डॉक्टर : त्या दांडीवर काय आहे हो? केवढी धूळ!

मास्तर : न नेलेले कपडे. विचारू नका! माप देतात, ट्रायल देतात आणि शिवून झालं की फिरकत नाहीत. इथं माणसानं मान मोडून शिवायचं आणि यांनी...

मास्तरीणबाई : बोला ना. का थांबलात?

मास्तर : ...यांनी ते तसंच टाकून द्यायचं.

डॉक्टर : माझंही एक शिवून पडलंय, मास्तर. अर्धा दिवस उभी होते त्यासाठी.

मास्तर : शिवण धरेल ना?

डॉक्टर : आतल्या पिशवीत औषध सोडून फोटो काढलेत. कुठेही गळत नाही.

मास्तर : टाके बारीक घातलेत?

डॉक्टर : तुमच्यापेक्षा.

मास्तर : माझ्याच दुकानात उभं राहून! अगं, तो पडद्यामागचा कोट दे त्यांना. घाला, बाई. हात वर करा. काखेत धरतोय?

डॉक्टर : अजिबात नाही. छान बसलाय.

मास्तर : मग मीही येतो सोमवारी. माझं शिवलेलं घ्यायला.

मास्तरीणबाई : नक्की ना? की परत पाहुणे?

मास्तर : नक्की. आणि बरा झालो की नाटकाची तिकिटं काढ.

मास्तरीणबाई : मधल्या खुर्च्या बघू?

मास्तर : एवढी उडी नको. कडेच्याच काढ. पण शेवट मला सांगू नकोस.