वाघाचं अर्धुक

(चाओ राज्याची डोंगरातली छावणी. तंबूत सेनापती गोंग याओ आणि राजधानीहून नुकताच आलेला त्याचा भाचा, थान रुई. दाराबाहेर लष्कराचा न्यायाधिकारी दान शू थांबला आहे.)

गोंग याओ : नमस्कार राहू दे. तू का आलास? दरबारात माणसांचा दुष्काळ पडलाय का?

थान रुई : उपमंत्रीच निघाले होते, मामा. ऐन वेळी राजा म्हणाला, म्हाताऱ्याच्या बहिणीचा मुलगा जाऊ दे. घरातलं घरात राहील.

गोंग याओ : मोठा दिलदार. काय आणलंस?

थान रुई : राजाच्या हुकमाची खूण. काशाच्या वाघाचं उजवं अर्धुक. डावं तुमच्याकडं आहे. दोन्ही जुळवायची, सैन्य माझ्या हाती द्यायचं, आणि तुम्ही राजधानीत परत जायचं.

गोंग याओ : आणि तू?

थान रुई : उद्या सकाळी तट सोडून मैदानात उतरायचं. हुकूमच आहे.

गोंग याओ : अरे, खाली तळ ठोकून बसलेला छिन राज्याचा सेनापती वर्षभर त्याचीच वाट बघतोय. त्यांची घोडी झाडांच्या साली खातायत. मी नुसता बसून राहतो, म्हणून तो मरतोय.

थान रुई : मला काय पटवताय? मी तुमच्याच हाताखाली शिकलोय. दरबारात मात्र एकच बोलणं, म्हातारा फितूर झालाय म्हणून लढत नाही. ते कुणाच्या सोन्यावर बोललं जातं, तेही सगळ्यांना ठाऊक आहे.

गोंग याओ : मग तोंड उघडायचं होतंस.

थान रुई : उघडलं. म्हणून तर मला पाठवलं. काढा वाघ, दान शू ताटकळलेत.

गोंग याओ : ताटकळू दे. पाणी पी आधी.

थान रुई : मामा.

गोंग याओ : घे. लावून बघ.

थान रुई : बसत नाही. ही आतली खुंटी... घासलीय कुणीतरी.

गोंग याओ : मीच. कानशीनं.

थान रुई : कशाला?

गोंग याओ : अर्धुकं जुळली नाहीत की हुकूम खोटा. मग कासवाच्या पाठीवर शकुन बघायचा, नवा वाघ ओतायचा. तोवर छिनवाले उपाशीपोटी घरी गेले असते. सगळं कायद्याला धरून.

थान रुई : आणि न जुळणारं अर्धुक घेऊन येणाऱ्याचं काय करतो कायदा?

गोंग याओ : तंबूच्या दारातच मुंडकं उडवतो. मला वाटलं, तो उपमंत्री येईल. त्याच्यासाठी घासली होती रे.

थान रुई : मघाशी वर येताना एक शिपाई दिसला. जोडा शिवत बसला होता, गुणगुणत. बोलवा दान शूंना.

गोंग याओ : खुळा आहेस का?

थान रुई : एक माणूस एकीकडं, सगळं सैन्य एकीकडं. तुमच्याच तोंडून ऐकलंय मी हे लहानपणापासून.

गोंग याओ : ते दुसऱ्यांच्या पोरांबद्दल होतं.

थान रुई : मग तटावर आहेत ती कुणाची आहेत?

गोंग याओ : तुझा बाप माझ्या हाताखाली मेला. तेव्हा तुझ्या आईनं तुला माझ्या मांडीवर ठेवलं आणि काही बोलली नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. आता तिच्यापुढं काय घेऊन जाऊ?

थान रुई : मैदानात उतरलो तरी मी मरणारच आहे. पाळत ठेवायला स्वार आलेत माझ्याबरोबर.

गोंग याओ : मागं राहा ना. निशाणापाशी.

थान रुई : तसं शिकवलं नाहीत तुम्ही.

गोंग याओ : चुकलंच माझं. ते धनुष्याच्या दोरीचं मेण दे इकडं.

थान रुई : नको, मामा. पाया पडतो.

गोंग याओ : सरक. हं, भरली फट. दान शू, या आत.

दान शू : अर्धुकं जुळली का, सेनापती?

गोंग याओ : बघा.

दान शू : तुमच्या बोटांना मेण लागलंय.

गोंग याओ : दोरी घासत होतो.

दान शू : कानशीचा आवाज ऐकला होता मी परवा. कुणाला बोललो नाही. वाटलं होतं, वाचली पोरं.

गोंग याओ : जुळला वाघ. लिहून घ्या.

दान शू : घेतो. नव्या सेनापतींचा पहिला हुकूम?

थान रुई : वसंतापर्यंत पुरावी म्हणून बाजरी राखून ठेवलीय ना?

दान शू : हो. सगळे अर्धपोटी आहेत.

थान रुई : आज सगळी शिजवा.