फोनमधला पाववाला

दातांच्या दवाखान्याची फरशी नुकतीच पुसली होती आणि डॉक्टर अजून यायचे होते. माझ्या शेजारच्या बाकावर दोघी जावा बसल्या होत्या. धाकटी हातातल्या फोनशी परक्या भाषेत बोलत होती.

“सकाळी सकाळी कुणाशी पुटपुटतेस गं?”

“परदेशातल्या नातीची भाषा शिकतेय, जाऊबाई. या फोनमधल्या धड्यात एक पाववाला असतो, त्याच्याकडून पाव घेतला, तर शाबास म्हणाला.”

“त्याच्या बापाचं काय जातंय? दगड मागितलास तरी शाबासच म्हणेल. वर्षभर पाव घेतेयस, नातीशी किती बोललीस?”

“अजून तयारी नाही झाली. माझे उच्चार ऐकून ती हसते हो. हा कधी हसत नाही.”

“हसायला माणूस असावं लागतं.”

एवढ्यात फोन वाजला. धाकटीने तो घाईने कापला.

“कोण होतं?”

“तीच. तिकडे आता रात्र, झोपण्याआधी करते. पण धडा मध्येच सोडला, की पुन्हा पहिल्यापासून करावा लागतो.”

“धन्य आहेस! जिच्यासाठी घोकतेस, तिचाच फोन कापतेस? मग पाववाल्यालाच नात मान आणि त्याचे लाड कर.”

“थट्टा नका करू. परवाही मी असाच कापला. काल तिने केलाच नाही.”

“उद्याही नाही करायची. पोरं काय, रोज दार ठोठावत बसतात?”

धाकटीने अर्धा राहिलेला धडा बंद केला आणि नातीला फोन लावला. अडखळत एक वाक्य म्हटलं.

पलीकडून खळखळून हसण्याचा आवाज आला.

धाकटीने पदराने कपाळ पुसलं आणि तेच वाक्य पुन्हा म्हटलं.