उद्याचा खांब

हे कुणाला सांगायचं नाही असं काकांनी बजावलंय, तरी ऐका. संस्थान विलीन झालं, कचेरी मोडली, तेव्हापासून काका घरी बसून गिरणीच्या शेअरचा आलेख बघतात. ते शेअर आत्याच्या लग्नासाठी ठेवलेत. वर भावाची रेघ, खाली त्या दिवशीच्या खरेदी-विक्रीचा खांब. मुंबईचा पेपर आला की पेन्सिलीनं मी काढते.

काल पेपर येण्याआधीच पुढच्या चौकटीत उंच खांब होता आणि रेघ खाली घसरलेली.

"काका, तुम्ही काढलात?"

"मी कशाला? छोड, वहम आहे, नुसता भास." त्यांनी तो खांब खोडला.

संध्याकाळी पेपर आला. मी काढलेला खांब नेमका खोडलेल्या डागावर बसला.

काका पांढरे पडले. "भाव पडतोय आणि खांब उंच, म्हणजे सगळे विकून पळताहेत. उद्या आपलेही विकतो."

आज सकाळी पुढच्या चौकटीत रेघ तळाला टेकलेली, पण खांबच नाही.

"म्हणजे काय हो?"

"घेणाराच कुणी नाही. आत्याला बोलू नकोस."

मी हात धुवायला गेले, तर माझ्याच बोटांना पेन्सिलीचा काळा...

"शालू! लग्नाच्या साडीचा रंग बघायला ये ना गं!"

आले आत्या! तर माझ्या बोटांना पेन्सिलीचा काळा डाग होता, आणि आज मी पेन्सिलीला हातही लावला नव्हता.