भिंतीकडची बाजू

कारकून : तुम्ही त्या दुकानात झोपला होतात की काम करत होतात, एवढंच सांगा. एका रकान्यात दोन्ही लिहिता येत नाही.

भाऊ : मॅडम, माझ्या बाबतीत ते वेगळं करणं जरा अवघड आहे.

ताई : अरे, सरळ सांग ना झोपलो होतो म्हणून! मॅडम, मी याची मोठी बहीण. लहानपणापासून बघतेय, हा झोपतोच. आई म्हणायची, या पोराला झोपा काढायचे पैसे कोण देणार? तर गादीच्या कारखान्यानं दिले.

कारकून : म्हणजे?

भाऊ : मी गाद्या तपासायचो. तयार गादी माझ्याकडे यायची. मी तिच्यावर आडवा व्हायचो आणि पास की नापास ते सांगायचो.

कारकून : आडवं होणं हा हुद्दा होता?

भाऊ : हुद्दा गुणवत्ता सहायक. आडवं होणं ही कृती.

ताई : आणि बढती मिळाली की उशी द्यायचे.

भाऊ : बढती मिळाली की उभं राहून दुसऱ्यांना आडवं करायचं. मी नको म्हणालो.

कारकून : बरं. कारखाना बंद पडला, तुम्ही बेकारी भत्त्याचा अर्ज केलात. तो आधीही एकदा अडलेला दिसतोय.

भाऊ : कारखाना बंद झाल्याचा दाखला नव्हता. दाखल्यावर कारखान्यातल्या चालू अधिकाऱ्याची सही हवी होती. चालू अधिकारी असता तर कारखाना बंद कसा पडला असता? शेवटी वॉचमननं सही केली. त्याला अजून कुलपाचा पगार मिळतो.

कारकून : ती सही मीच मान्य केली होती.

ताई : उपकार झाले. पण सरकारी काम, सहा महिने थांब. तोवर याची बायको गेली ना.

कारकून : अरेरे. त्याची नोंद इथे दिसत नाही. ते काम पलीकडच्या खिडकीवर होतं.

ताई : अहो, वारली नाही! परगावी गेली. एका म्हाताऱ्या बाईंची देखभाल करायला. त्यांच्याच घरी राहते, रात्रंदिवस. याचा भत्ता येईना, खोलीचं भाडं थकलं, मग कुणीतरी जायलाच हवं होतं. गेली बिचारी.

कारकून : मग पलीकडची खिडकी राहू द्या.

ताई : आणि आता त्या बाईंचा मुलगा म्हणतोय, वर्षाचा करार करा. शनिवारपर्यंत हो की नाही ते सांगा. याचा भत्ता सुरू झाला तर ती नाही म्हणेल आणि घरी येईल. नाही झाला तर वर्षभर तिकडेच. म्हणून मी दुकान टाकून आलेय. माझं पार्लर आहे. एक गिऱ्हाईक डोक्याला रंग लावून बसवलंय, वेळेवर धुतलं नाही तर जांभळं होईल.

भाऊ : ताई, तू जा. मी बोलतो.

ताई : तू बोलतोस म्हणूनच तर मी आलेय.

कारकून : हे बघा, माझ्याही हातात फार नाही. दाखला आला, भत्ता निघणार होता, तेवढ्यात आमच्या निरीक्षकांचा अहवाल आला. वाचून दाखवते. ‘सदर अर्जदार फर्निचरच्या दुकानात दुहेरी गादीवर आडवा झालेला आढळून आला. सदर कृती अर्जदाराच्या पूर्वीच्या व्यवसायाशी तंतोतंत जुळते. अर्जदार काम करीत असल्याचा दाट संशय आहे.’

ताई : तुमचे निरीक्षक तिथे काय करत होते?

कारकून : उशी घ्यायला गेले होते.

ताई : कामाच्या वेळात?

कारकून : अर्जदार दिसल्यावर कामाची वेळ सुरू झाली.

ताई : म्हणजे उद्या माझं पार्लर बुडालं आणि मी घरी वेणी घातली, तर ते काम?

कारकून : स्वतःची की दुसऱ्याची?

ताई : स्वतःची.

कारकून : मग नाही.

ताई : शेजारणीची?

कारकून : मग चौकशी.

ताई : धन्य आहे.

कारकून : दुकानात जाण्याची कारणं मला चारच मिळतात. खरेदी, विश्रांती, प्रकृती बिघडणं आणि काम. तुम्ही खरेदीला गेला होतात?

भाऊ : ती गादी घ्यायची म्हटलं तर आधी खोली विकावी लागेल. खोली भाड्याची आहे.

कारकून : प्रकृती?

भाऊ : ठणठणीत.

कारकून : मग विश्रांती लिहू?

ताई : लिहा, लिहा. विश्रांतीच.

कारकून : लिहिते. पण वरचे साहेब विचारणार, घरी गादी असताना दुकानात विश्रांती का? घरी गादी आहे ना?

भाऊ : आहे.

कारकून : तिच्यात काही दोष?

भाऊ : काही नाही. मीच पास केलेली आहे.

ताई : मग मेल्या, दुकानात जाऊन का पसरतोस? आणि मला कसं कळलं नाही? मी रोज डबा देते तुला. विचारलं की म्हणतोस, छान झोप लागते. बायकोला फोनवर तेच सांगतोस. सगळं झकास, मस्त ढाराढूर.

भाऊ : तिला तिकडे आधीच जागरणं आहेत. त्यात माझी कुठे सांगू?

ताई : म्हणजे झोपत नाहीस?

भाऊ : आडवा होतो. सवय आहे.

ताई : बघा मॅडम. आयुष्यभर झोपायचे पैसे घेतले, आणि आता फुकट झोपायची वेळ आली तर याला झोप येत नाही.

कारकून : ते मी कुठेच लिहू शकत नाही. दुकानात नेमकं काय करत होतात? खरं सांगितलंत तरच मला काही करता येईल.

भाऊ : खरं सांगितलं तर तुम्ही हसाल.

कारकून : या खिडकीवर मी शेवटची कधी हसले, ते आठवत नाही.

भाऊ : आमची ही त्याच कारखान्यात होती, शिलाईला. गादीची कड शिवायची. कड शिवताना बाई कोपऱ्याशी आली की मशीन वळवते आणि सरळ पुढे जाते. ही वळायच्या आधी एक टाका मागे घ्यायची. प्रत्येक कोपऱ्यावर. मुकादम ओरडायचा, दोरा फुकट जातो म्हणून. ही म्हणायची, लोक गादी कोपऱ्याला धरूनच ओढतात. उसवली तर शिव्या मला बसतील.

ताई : हट्टीच आहे ती.

भाऊ : कारखान्याचा शेवटचा माल त्या दुकानात गेला. मी सहज बघायला गेलो होतो. भिंतीशी एक दुहेरी गादी मांडली होती. कोपऱ्यावर बोट फिरवलं, तर टाका मागे घेतलेला. चारही कोपऱ्यांवर.

कारकून : आणि?

भाऊ : आणि आडवा झालो.

कारकून : रोज जायचात?

भाऊ : दुकानातल्या पोरीनं पहिल्यांदा हाकललं. मग तिला वाटलं, गिऱ्हाईक बघून गिऱ्हाईक येतं. मग म्हणाली, बूट तेवढे काढा.

ताई : अरे, मला सांगायचंस. मी येऊन बसले असते ना तुझ्याजवळ, त्या दुकानात.

भाऊ : म्हणूनच सांगितलं नाही.

कारकून : पैसे दिले त्यांनी?

भाऊ : एकदा चहा दिला.

कारकून : चहा मी ऐकला नाही. पण अडचण तीच आहे हो. ‘बायकोची शिलाई’ असा रकाना नाही माझ्याकडे. साहेब म्हणतील, शिलाई तपासत होता. म्हणजे तपासणीच झाली.

ताई : तुमच्या साहेबांचं लग्न झालंय का?

कारकून : दोनदा. पण तेही रकान्यात येत नाही. थांबा जरा. कारखान्यात तुम्ही गादी तपासायचात, ती कशी? पद्धत काय?

भाऊ : आधी मधोमध आडवं व्हायचं, पाठीवर. मग डावी कूस, उजवी कूस, पुन्हा पाठ. मग कडेला येऊन बसायचं, उठायचं, पुन्हा बसायचं. प्रत्येक स्प्रिंगशी ओळख झाली पाहिजे. एका जागी थांबायचं नाही. थांबलं की झोप लागते, आणि झोप लागली की पगार कापायचे.

कारकून : काय? झोप लागली की पगार कापायचे?

भाऊ : झोपलेला माणूस प्रत्येक गादी पास करतो.

कारकून : म्हणजे सतत कूस बदलायची. एका बाजूला नुसतं पडून राहिलं तर?

भाऊ : ती तपासणी नाही. एका बाजूला पडून राहिलात तर अर्धीच गादी कळते. नवीन पोरं करायची तसं. मी त्यांना उठवायचो.

कारकून : मग अहवालाचं दुसरं पान ऐका. पहिल्याच पानावर संशय आला, म्हणून पुढचं कुणी वाचलेलं दिसत नाही. ‘अर्जदार गादीच्या बाहेरच्या कडेला पडून होता. भिंतीकडची बाजू संपूर्ण मोकळी होती. मी उशा निवडेपर्यंत अर्जदाराने एकदाही कूस बदलली नाही. त्याचा एक हात मोकळ्या बाजूवर होता.’

ताई : पुढे?

कारकून : ‘एक वयस्कर ग्राहक गादी दाबून पाहण्यासाठी मोकळ्या बाजूला बसू लागले असता, अर्जदाराने त्यांना “इथे माणूस आहे” असे सांगितले. मी जवळ जाऊन पाहणी केली. सदर ठिकाणी कोणताही माणूस आढळून आला नाही.’

ताई : अरे देवा.

भाऊ : ते तोंडातून निघून गेलं. गृहस्थ भले होते, सॉरी म्हणाले.

ताई : मॅडम, तुमच्याकडे रुमाल आहे का? नाही, रडत नाहीये. हाताचा रंग डोळ्यात गेलाय.

कारकून : घ्या. आता मी विचारते त्याचं हो किंवा नाही एवढंच उत्तर द्या. भिंतीकडे त्या झोपतात?

भाऊ : हो.

कारकून : त्या दुकानात तुम्ही केलंत ती तपासणी होती?

भाऊ : नाही. तसं कामावर केलं असतं तर मला हाकललं असतं.

कारकून : झालं तर. मी लिहिते : ‘अर्जदाराच्या व्यवसायाच्या पद्धतीनुसार पाहता, सदर कृतीत कामाचे एकही लक्षण दिसून येत नाही. अर्जदार अत्यंत वाईट रीतीने झोपला होता.’

ताई : वाईट रीतीने कशाला?

कारकून : साहेबांना खात्री वाटली पाहिजे. कारण ‘विश्रांती’. शेजारी मी स्वतः सही करते. मागचे महिने धरून अडकलेलं सगळं एकदम निघेल. गुरुवारी खात्यावर यायला हवं. नाही आलं तर शुक्रवारी सकाळी इथेच या, मला तोंड दाखवा.

ताई : गुरुवार! म्हणजे शनिवारच्या आत!

कारकून : पण एक अट आहे. आता त्या गादीवर जायचं नाही. निरीक्षकांनी घेतलेल्या उशीची खोळ घट्ट होतेय. ते बदलायला जाणार आहेत.

भाऊ : ती गादी काल विकली गेली.

ताई : गेली?

भाऊ : एका नव्या जोडप्यानं घेतली. मी होतो तिथेच. टेम्पोत चढवायला हात लावला.

कारकून : उचलायचे पैसे घेतलेत?

भाऊ : नाही.

कारकून : मग तेही मी ऐकलं नाही.

भाऊ : त्यांना म्हटलं, कोपऱ्याला धरून ओढा खुशाल, उसवणार नाही. ती मुलगी हसली. टेम्पो वळेपर्यंत बघत होतो. मग घरी गेलो आणि कळेना, आता उद्या कुठे जायचं.

कारकून : सही करा. इथे, आणि मागच्या पानावर.

भाऊ : केली.

ताई : चल बाहेर. आधी तिला फोन. माझं गिऱ्हाईक जांभळं झालं असेल तर होऊ दे, तिला सांगीन फॅशन आहे. मॅडम, तुम्ही कधी पार्लरला या. भुवया मी फुकट करीन.

कारकून : फुकट नको. चौकशी लागेल.

*(कचेरीबाहेरच्या पायऱ्या. ताई फोन लावून त्याच्या हातात देते. पलीकडचं बोलणं आपल्याला ऐकू येत नाही.)*

ताई : घे. वाजतोय. आणि झकासबिकास म्हणालास तर इथेच ढकलून देईन.

भाऊ : हं... मीच. ...नाही नाही, काही झालं नाही. ताईच्या फोनवरनं बोलतोय. ...हो, जेवलो. ...ऐक ना, मिळणार म्हणतायत. सगळं, मागचंसुद्धा. गुरुवारी. ...हो, सही झाली. खिडकीवरच्या बाई भल्या आहेत. ...झोप? झोप ना, छान...

ताई : थापाड्या!

भाऊ : ...नाही. नाही लागत. तू गेल्यापासून नाही. ...सांगितलं नाही, कारण तू काय करणार होतीस तिकडून? ...हं. ...हं. ...रडू नकोस, त्या बाई उठतील. ...त्यांच्या मुलाला नाही म्हणून सांग. चांगल्या शब्दांत सांग. त्यांना दुसरं कुणी मिळेपर्यंत थांब हवं तर, तू सावकाश... नाही. ऐक. सावकाश नको येऊस.