खडूची सही

तपासनीस : पाणी नको बाई, मी कामावर आहे.

बाई : कामावरच्या माणसाला तहान लागत नाही का? पी. आणि ते पुस्तक मांडीवरून खाली ठेव. अंडं उबवल्यासारखा बसलायस.

तपासनीस : हसण्यावारी नेऊ नका. तिसऱ्या बंदीच्या यादीत आलंय हे. शाळेच्या माळ्यावर सापडलं, पत्र्याच्या पेटीत.

बाई : बघू. अरे, हे तर घड्याळाचं! राजाचं घड्याळ चुकीचं चालतं, सगळं गाव त्याला मान डोलावतं आणि एक मुलगी सावली बघून खरी वेळ सांगते. चौथीतल्या पोरांना मीच द्यायचे. यात बंदी घालण्यासारखं काय आहे?

तपासनीस : ते मला विचारू नका. पुस्तकं दुसरा विभाग बघतो. मी वाचणारे शोधतो.

बाई : म्हणजे पुस्तक न उघडता नोकरी चालते. बरंय.

तपासनीस : मागचं पान बघा.

बाई : बघायचं काय त्यात? माझीच पद्धत ती. पुस्तक संपलं की माझ्या टेबलापाशी यायचं, गोष्ट कशी संपते ते सांगायचं, मग मागच्या पानावर सही करायची. सही केली की नवी पेन्सिल. टोक काढलेली.

तपासनीस : नऊ सह्या आहेत. चिमणी, वकील, भोपळा, मुंगूस... शेवटी घाईगडबड. एकाचंही धड नाव नाही.

बाई : धड नावं हजेरीपटावर. वाचनाला मी ठेवलेली नावं. पोरं खूश असायची.

तपासनीस : कचेरी खूश नाहीये. कोण कोणता, हे फक्त तुम्हाला ठाऊक. आज पाचच्या आत तुम्ही नऊ जणांची खरी नावं लिहून द्यायची. नाही दिलीत तर सोमवारी अक्षरतज्ज्ञ येतोय. शाळेतल्या जुन्या वह्या काढून एकेक अक्षर जुळवणार.

बाई : आणि जुळलं की?

तपासनीस : सुधारवर्ग.

बाई : तिथून परत आलेलं कोणी पाहिलंयस?

तपासनीस : एकाला. आमच्या गल्लीतला शिंपी. गिऱ्हाइकांची मापं लिहायची वही जाळून टाकलीय त्यानं. आता सगळी मापं तोंडपाठ ठेवतो. कागद दिसला की हात मागे घेतो.

बाई : हं. आणि ही पाचवी सही कोणाची रे?

तपासनीस : असेल कोणाची तरी.

बाई : आधी वरची रेघ ओढलीय, मग अक्षरं खाली लटकवलीत. दोरी बांधून कपडे वाळत घालावेत तशी. वर्षभर ओरडले, 'अक्षर आधी, रेघ नंतर.' अख्ख्या वर्गात एकाच पोरानं ऐकलं नाही.

तपासनीस : हळू बोला.

बाई : घरात मी आणि भिंती. पहिलीत फळ्याखाली पडलेले तुकडे खायचं ते पोरगं. म्हणून नाव पडलं खडू. पोट दुखलं की माझ्याच पदराला तोंड पुसायचं.

तपासनीस : म्हणूनच मी आलो, बाई. दुसऱ्याला येऊ दिलं नाही. ऐका माझं. सात नावं खरी द्या. दोन सह्यांपुढे आपल्या वर्गातली ती दोन पोरं लिहू, तापाच्या साथीत गेलेली. मेलेल्यांना कोण नेणार आहे?

बाई : दोन कशाला? खडू तर एकच होता.

तपासनीस : एक मी आणि एक चिमणी.

बाई : चिमणीची काळजी तुला का?

तपासनीस : लग्न झालंय आमचं. नऊ वर्षं झाली.

बाई : ते कानावर आलं होतं. बोलावणं तेवढं आलं नाही.

तपासनीस : तेव्हा मी नुकताच खात्यात लागलो होतो. तुमच्यासारख्यांना बोलावणं म्हणजे... जाऊ द्या.

बाई : जाऊ दिलं. मग उरलेली सात पोरं? ती काय माझ्या दारात कोणी आणून टाकली होती? त्यांना घरदार नाही?

तपासनीस : मला मुलगी आहे, बाई. आठ वर्षांची.

बाई : माझीही सगळी आठ-नऊ वर्षांचीच होती.

तपासनीस : आणि यातली खरी चेष्टा ऐका. मी हे पुस्तक वाचलेलंच नाही! पेन्सिल हवी होती म्हणून वकिलाला डब्यातला सगळा खाऊ दिला आणि शेवट विचारून घेतला. तेवढ्यावर सही ठोकली. न वाचलेल्या पुस्तकापायी मी आत जायचं?

बाई : ठाऊक आहे मला.

तपासनीस : काय ठाऊक आहे?

बाई : तू वाचलं नव्हतंस ते. राजा त्या मुलीची माफी मागतो, तिला शेजारी बसवतो आणि चुकीचं घड्याळ विहिरीत टाकतो, असं सांगितलंस तू. या पुस्तकात असलं काही नाही.

तपासनीस : म्हणजे वकिलानं मला थाप मारली?

बाई : खाऊ खाल्ला आणि थाप मारली. उगाच नव्हतं वकील नाव ठेवलं.

तपासनीस : मग पेन्सिल का दिलीत मला?

बाई : शेवट गोड होता. डोळे मिटून, मान वर करून सांगत होतास. वाटलं, आज खोटं सांगतोय, उद्या वाचेल. चुकलं माझं. खोट्या सहीला नवी पेन्सिल मिळते, हा धडा माझ्याच वर्गात शिकलास तू. बाकीचं पुढं खात्यानं शिकवलं.

तपासनीस : टोमणे नंतर मारा, बाई. पाच वाजायला दीड तास आहे.

बाई : चिमणी घरी लेकीला ही गोष्ट सांगते का?

तपासनीस : सांगत असावी. मी दारात चपला काढल्या की दोघी गप्प होतात.

बाई : एक सांग. वाचणं हा गुन्हा आहे. न वाचता सही करणं?

तपासनीस : त्याला कलम नाही.

बाई : मग जबानीचा कागद काढ. मी सांगते, तू लिही. 'मी, शाळेची निवृत्त शिक्षिका, लिहून देते की माझ्या वर्गातल्या एकाही मुलाने हे पुस्तक वाचलेलं नाही.'

तपासनीस : बाई!

बाई : शुद्धलेखनाच्या तासाला मध्ये बोलायचं नाही. लिही. 'पेन्सिलीच्या लोभाने सगळ्यांनी एकमेकांना शेवट विचारून खोट्या सह्या केल्या. हे मला दिसत होतं. मी कधी कोणाला एक प्रश्न विचारला नाही.' लिहिलंस? 'माझ्या हाताखालून गेलेलं एकही मूल वाचायला शिकलं नाही.'

तपासनीस : हे शेवटचं वाक्य नको. खोटं आहे ते. चिमणीनं वाचलंय. भोपळा तर चालता चालता वाचायचा, दोनदा खांबावर आपटला.

बाई : तीनदा. लिही. तेवढंच एक वाक्य कचेरी डोळे झाकून मानेल.

तपासनीस : साहेब म्हणतील, नऊच्या नऊ पोरं खोटं बोलली?

बाई : साहेबही कुठल्यातरी शाळेत गेले असतील की.

तपासनीस : साक्षीदार लागेल. त्या वर्गातला कोणीतरी.

बाई : समोर बसलाय. 'पाचवी सही माझी. मी पुस्तक न वाचता केली.' खाली तुझं खरं नाव घाल.

तपासनीस : नोकरी जाईल माझी. सही लपवली म्हणून.

बाई : जाईल कदाचित. मेलेल्या पोरांना आणि जिवंत सात जणांना पुढं करून टिकवणार होतास, ती जाईल. पण तू घरी राहशील, चिमणी घरी राहील. तुझी साक्ष खरी आहे, पोरा. माझी जबानी खोटी आहे. दोन्ही मिळून चालून जाईल.

तपासनीस : आणि तुम्ही? तुम्ही तर वाचलंय. पोरांच्या हातात तुम्हीच दिलंय.

बाई : तुमच्या कागदाला एक तरी नाव लागतंच ना? या वयात पुन्हा बाकावर बसेन. गुडघे दुखतील तेवढे.

(तो लिहून सही करतो. बाई कागद दोनदा वाचतात, एक अनुस्वार नीट करतात आणि सही करतात.)

तपासनीस : सकाळी गाडी येईल तुम्हाला न्यायला. मी नसेन त्यात.

बाई : सहीची रेघ अजून आधीच ओढतोस.

तपासनीस : बाई, खरं काय होतं तिचं? गोष्टीतल्या त्या मुलीचं, शेवटी?

बाई : ते तुला सांगता येणार नाही. उद्या साहेबांनी शपथेवर विचारलं, तर ठाऊक नाही असंच म्हणता आलं पाहिजे. माझ्या नऊ पोरांची भिस्त आता तुझ्या न वाचण्यावर आहे.

तपासनीस : घरी चिमणीला विचारलं तर?

बाई : विचारू नकोस. आणि एक कर. यापुढे दारात चपला काढताना जरा आवाज करत जा, म्हणजे त्यांना वेळेवर गप्प बसता येईल.